साथीचा कायदा आणि शुश्रूषेची पोकळी

साथीच्या रोगांची छाया पडलेल्या भारतीय साहित्यकृती एकत्र ठेवून वाचल्या, तर त्यांत एक साम्य आढळते. शासन तेथे आलेच तर बहुधा रोग्याच्या शोधात आलेले असते. रोग्याच्या उशाशी बसलेले ते क्वचितच दिसते. शुश्रूषा करतात ते आप्त, शेजारी किंवा समाजाने दूर ठेवलेली एखादी व्यक्ती. हा लेखकांच्या दृष्टिकोनाचा परिणाम मानावा, की ज्या आरोग्यव्यवस्थेत हे अनुभव घडले तिच्या रचनेचा? दुसरी शक्यता अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला प्रवाशांची तपासणी करण्याचे व संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार दिले, आज्ञाभंगासाठी शिक्षा ठरवली आणि सद्‌भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. रोग्याला उपचार मिळावेत, असे बंधन मात्र त्याने कोणावरही घातले नाही. नियंत्रणाचा अधिकार आणि शुश्रूषेचे उत्तरदायित्व यांची ही फारकत व्यवस्थेच्या पायातच होती. पुण्यातील घरझडत्यांचा परिणाम सर्वश्रुत आहे : २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. एकाच शहरातील या दोन घटना त्या फारकतीच्या दोन बाजू होत.

राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ या उर्दू कथेचा गाभा हाच आहे. तेथे लोकांना प्लेगपेक्षा विलगीकरणाची धास्ती अधिक वाटते. जिवावर उदार होऊन सेवा करतो तो भागू नावाचा सफाई कामगार आणि गौरव होतो तो डॉक्टरचा. निराला यांच्या ‘कुल्ली भाट’ (१९३९) मध्ये १९१८ च्या इन्फ्लुएंझाची आठवण येते. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. निराला यांची पत्नी त्यांतलीच एक. त्यांच्या कथनात प्रेतांनी भरलेली गंगा आहे, पण कोणतीही आरोग्ययंत्रणा नाही. बेदींकडे शासन जाचक आहे, तर निरालांकडे ते अनुपस्थित आहे. वरवर परस्परविरोधी वाटणारी ही चित्रे एकाच रचनेची आहेत : ठाणी, बंदरे आणि लष्करी छावण्या यांच्या रक्षणासाठी उभारलेले आरोग्यखाते गावापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

पुढे १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतांकडे सोपवला आणि संविधानाने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत ठेवली; एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोगप्रसार रोखण्याचा विषय तेवढा समवर्ती सूचीत आला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, परंतु जुना कायदा तसाच राहिला. परिणामी मार्च २०२० मध्ये केंद्राने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा आधार घेतला, राज्यांनी १८९७ च्या अधिनियमाचा; आणि घरोघर फिरून विचारपूस करण्याचे काम मानधनावर राबणाऱ्या आशा कार्यकर्त्यांवर येऊन पडले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा ठरवली, आणि ते आवश्यकही होते. रोग्याचा उपचाराचा हक्क मात्र तिने निर्माण केला नाही.

ही रचना अपरिवर्तनीय नाही, हे केरळच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आली. २०२० मध्ये याच संस्थांनी कुटुंबश्रीच्या साहाय्याने सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली आणि विलगीकरणातील लोकांपर्यंत जेवण पोहोचवले. साथ तेथेही पसरली, हे खरे. पण विलग करणारा हात आणि अन्न देणारा हात एकाच संस्थेचे होते.

या पार्श्वभूमीवर काम्यूच्या ‘ला पेस्त’ (१९४७) या कादंबरीशी केली जाणारी तुलना सावधपणे करावी लागते. तेथेही प्रशासन अपुरे पडते आणि स्वयंसेवकांची पथके उभी राहतात. तथापि ती पथके रुग्णालये व डॉक्टर यांच्या चौकटीला जोडली जातात, आणि म्हणूनच डॉक्टर रिय कथनाच्या केंद्रस्थानी राहू शकतो. भागूला अशी चौकट नाही. त्याच्या त्यागाला केवळ वैश्विक मानवतेचे उदाहरण ठरवले, तर ज्या व्यवस्थेने तो त्याग त्याच्यावर लादला तिचा दोष झाकला जातो. साहित्यातील करुणेचे मोल जाणताना, ती कोणाच्या वाट्याचे काम करीत आहे, हेही विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.