गौरीपुढची बाहुली मोडीत घालू नका

भाद्रपदात गौरी आल्या की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली खेळणी एकेक करून बाहेर निघतात. त्यांत चाकांचा पितळी हत्ती असतो, घोडेस्वार असतो, लाकडी ठकी असते, चिनी मातीची बाहुली असते, भाटुकलीची जाती-उखळे असतात. तीन दिवस ती गौरीपुढच्या आराशीत मांडायची आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायची, एवढाच त्यांचा आपला संबंध. यांतली बरीचशी कुणा सासूच्या, आजेसासूच्या रुखवतातून आलेली असतात. त्यांची किंमत काय, हा प्रश्न घरात सहसा कोणी विचारीत नाही. दारात येणारा खरेदीदार मात्र तो मनाशी विचारूनच आलेला असतो.

मुळशी तालुक्यात लवळे, सूस, पिरंगुट या भागापर्यंत आता पुणे शहर येऊन टेकले आहे. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठ उभे राहिले. अशा भागात जमिनीला भाव येतो, जुनी घरे उतरतात आणि सिमेंटची उभी राहतात. घर उतरले की माळा रिकामा होतो. मग मोडवाला येतो, तागडी लावतो, नाहीतर एखादे स्टीलचे पातेले पुढे करतो. पितळी हत्ती किलोच्या भावाने जातो आणि घरात काही शे रुपये येतात. हौशी संग्राहकाच्या दिवाणखान्यात पोहोचेपर्यंत त्याच हत्तीची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

किंमत कशावर ठरते?

जुन्या खेळण्याची किंमत वजनावर ठरत नाही. ते किती जुने, हाताने घडविलेले की कारखान्यातले, अखंड की मोडके, जोडी पुरी आहे की एकटे, ते कोठून व कोणाकडून आले, या गोष्टी पाहिल्या जातात.

जुनी ओतीव पितळी खेळणी पुष्कळदा मेणाच्या नमुन्यावरून केलेली असतात. मेणाचे चित्र करून त्यावर माती लिंपतात, भाजताना मेण वितळून जाते, त्या पोकळीत धातू ओततात आणि साचा फोडून वस्तू काढतात. साचा एकदाच वापरता येत असल्याने दोन चित्रे अगदी सारखी निघत नाहीत. दोन अर्धुकांच्या साच्यातून काढलेल्या वस्तूवर बहुधा सांध्याची रेघ दिसते. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातांनी सोंड, कान, पाठ गुळगुळीत झालेली असते आणि खाचांत मात्र काळा थर राहिलेला असतो. म्हणून अशी वस्तू विकण्याआधी चिंच-मीठ लावून लख्ख घासू नये. तो थर गेला की वस्तूचे वयही पुसले जाते. लाकडी ठकीला नवा रंग देऊ नये, तो याच कारणाने.

चिनी मातीची बाहुली असेल तर ती उलटी करून तळ पाहावा. देशाचे नाव पुष्कळदा तेथे असते. तेथे ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे खरोखरीचे अक्षर असेल, तर ती बाहुली दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परक्यांच्या ताब्यात होता त्या काळातली, म्हणजे १९५२ पूर्वीची समजावी.

घरातली वस्तू, शिवारातली वस्तू

जुन्या घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, खेळणी, बाहुल्या जमविण्यास आरंभ केला. संग्रह वीस हजारांवर गेला आणि १९७५ साली त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले ‘राजा केळकर संग्रहालय’ बाजीराव रस्त्यावर आहे. घरच्या मुलांना ते एकदा अवश्य दाखवावे.

कधी कधी अशी वस्तू ट्रंकेऐवजी जमिनीतून निघते. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गृहस्थाला धातूची चार भरीव चित्रे सापडली: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंवर! मोडीत गेली असती तर महाराष्ट्राचा हजारो वर्षांपूर्वीचा इतिहास भट्टीत वितळला असता. मराठवाड्यात तेरच्या शिवारात निघणाऱ्या मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविली. त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आज त्या गावी आहे.

कायदा काय सांगतो?

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने ‘पुरातन वस्तू’ ठरते. तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. धातूच्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. हस्तिदंताच्या बाहुलीची खरेदी-विक्री मुळीच करू नये; वन्यजीव कायद्याने हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. त्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क राखलेला आहे, तेव्हा भिऊन लपविण्याचे कारण नाही.

विकायचेच असेल तर

अडचण कोणाला येत नाही? मुलीची फी असते, विहिरीची मोटार जळते. विकणे हा गुन्हा नव्हे. पण पहिल्या माणसाला पहिल्या दिवशी देऊ नका. वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढा, एखाद्या जाणकाराला दाखवा, दोन-तीन ठिकाणी विचारा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर टाकली तरी अशा वस्तूंना गिऱ्हाईक असते हे कळेल. जोडी फोडू नका. पैसे घेताना पावती घ्या. “उद्या येणार नाही, आत्ताच द्या,” अशी घाई करणाऱ्याला खुशाल जाऊ द्या.

आणि सर्वांत आधी, ज्या बाईच्या रुखवतातून ती वस्तू आली तिला विचारा. ती हयात नसेल तर तिच्या लेकीला विचारा. वस्तू कोणी केली, कोणत्या गावाहून आली, हे तिलाच ठाऊक असते. ते एका कागदावर लिहून ट्रंकेत ठेवा. वस्तू विकलीत तर त्या माहितीने चार पैसे अधिक मिळतील. ठेवलीत तर पुढच्या गौरींना नातीला सांगायला गोष्ट राहील.