रॉकर आर्म बदलताय? आधी स्प्रिंग तपासा

स्पोर्ट्‌स कारची ताकद वाढवायची म्हटलं की अनेकांची नजर रॉकर आर्मवर जाते. शेवरोले कॉर्व्हेटचंच उदाहरण घ्या. 1997 मध्ये तिच्यात एलएस1 हे 5.7 लिटरचं व्ही8 इंजिन आलं. त्यात कॅमशाफ्ट खाली आणि व्हॉल्व्ह वर असतात. रॉकर बागेतल्या सी-सॉसारखा चालतो. एक टोक पुशरॉड वर ढकलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं.

मूळ रॉकरचं प्रमाण 1.7 आहे. म्हणजे कॅमने 1 मिलिमीटर उचललं की व्हॉल्व्ह 1.7 मिलिमीटर उघडतो. 1.8 चा रॉकर बसवला, तर तोच व्हॉल्व्ह साधारण 6 टक्के जास्त उघडतो आणि इंजिनला जास्त हवा मिळू शकते.

धोका पुढे आहे. 6000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. स्प्रिंग कमजोर असेल तर तो वेळेत बंद होत नाही आणि पिस्टनवर आदळू शकतो. मग काही हजारांच्या सुट्या भागापायी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

म्हणून या गोष्टी विसरू नका:

• नव्या लिफ्टला पेलतील अशा स्प्रिंग घ्या.
• पुशरॉडची लांबी मोजूनच ठरवा.
• व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासा.
• मूळ रॉकरमधले सुईसारखे बारीक बेअरिंग जास्त ताणाखाली निसटू शकतात. फक्त तेवढ्यासाठी रॉकर बदलू नका, ब्राँझचे बुश बसवता येतात.

मेकॅनिककडे जाताना एका भागाचा नाही, पूर्ण जोडणीचा हिशेब मागा.