बारावीनंतर ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास’ : पदवी कशाची, कोणासाठी?



बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शाळेत चौकशीला येणाऱ्या पालकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात : इंजिनीअरिंगला कुठे मिळेल, मेडिकलचे काय, की बी.कॉम. करून सी.ए.कडे वळवावे? अलीकडे मात्र काही मुले, त्यातही मुली अधिक, एक वेगळेच नाव घेऊन येतात : ‘इंटरनॅशनल स्टडीज’ किंवा ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’. मुलांना विषय मनापासून आवडलेला असतो. पालकांच्या मनात दोन शंका असतात. हे शिकून पुढे काय? आणि एवढी फी भरायची ती नेमकी कशासाठी? दोन्ही शंका रास्त आहेत. म्हणून या अंकात आम्ही हा अभ्यासक्रम जरा उलगडून सांगत आहोत.

विषय आहे तरी काय?

एक देश दुसऱ्या देशाशी कसा वागतो आणि तसा का वागतो, याचा हा अभ्यास. युद्ध, तह, व्यापार, नद्यांचे पाणी, निर्वासितांचे प्रश्न, हवामानातील बदल, संयुक्त राष्ट्रसंघासारख्या संस्था हे सारे त्यात येते. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर ‘असे पुन्हा होऊ नये’ या तळमळीतून हा विषय विद्यापीठांत आला. त्याचे पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले आणि १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

व्याख्या वाचून विषय कळत नाही, म्हणून आपल्या स्वयंपाकघरातलेच उदाहरण घेऊ. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात कांद्याचे पीक हातचे गेले आणि भाव कडाडले. सप्टेंबरअखेर भारत सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावच्या बाजारात शेतकरी नाराज झाला, कारण चार पैसे मिळायच्या वेळीच बाहेरची बाजारपेठ मिटली. शहरातल्या गृहिणीला थोडा दिलासा मिळाला. तिकडे बांगलादेशात कांदा महागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीला आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात हसत हसत तक्रार केली, की आधी कळवले असते तर बरे झाले असते. आपण तर आता आचाऱ्याला कांद्याविनाच स्वयंपाक करायला सांगितले आहे.

आता पाहा, या एका कांद्यात किती विषय आले. पाऊस आणि पीक म्हणजे भूगोल. मागणी, पुरवठा आणि भाव म्हणजे अर्थशास्त्र. शेतकरी आणि ग्राहक यांच्यात सरकारने कोणाची बाजू घ्यावी, हे राज्यशास्त्र. निर्यात एकाएकी थांबवता येते का, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्न. आणि शेजाऱ्याला आधी सांगायचे की नाही, हे परराष्ट्र धोरण. या सर्व बाजू एकत्र मांडून निर्णय समजून घ्यायचा, हेच या पदवीचे शिक्षण.

आपल्या वडोदऱ्याचा धागा

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे वाटत असेल, तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथे बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र हेही त्यांनी अभ्यासले. एकाच प्रश्नाकडे अनेक शास्त्रांच्या नजरेने पाहायची ही सवय पुढे त्यांच्या लिखाणात पानोपानी दिसते.

दुसरी गोष्ट महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांची. १९४७-४८ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा इंग्रजीत ‘ऑल मेन’ या शब्दांनी सुरू होत होता. ‘मेन’मध्ये स्त्रियाही येतात, असे आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांचे म्हणणे होते. काही देश त्याचा अर्थ फक्त पुरुष असा लावतील, अशी हंसाबेन यांची शंका होती. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये हा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण करारातला शब्द हा घराच्या खरेदीखतातल्या शब्दासारखा असतो; पुढच्या पिढ्यांचे हक्क त्यावर ठरतात. शब्द तोलून पाहण्याची ही दृष्टी या पदवीतून मिळावी, अशी अपेक्षा असते.

तीन-चार वर्षांत काय शिकवतात?

अभ्यासक्रमाची नावे निरनिराळी असली तरी गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहिल्या वर्षी राज्यशास्त्राची ओळख, विसाव्या शतकाचा जागतिक इतिहास, अर्थशास्त्राची मूलतत्त्वे आणि निबंधलेखन. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रसंघ व जागतिक व्यापार संघटना यांचे कामकाज, भारताचे परराष्ट्र धोरण आणि दक्षिण आशिया किंवा पश्चिम आशिया अशा एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास. बऱ्याच ठिकाणी एक परदेशी भाषा आणि शेवटी छोटा प्रबंध असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स.

पाठांतरावर मार्क मिळवण्याची सवय असलेल्या मुलांना इथे जड जाते. दर आठवड्याला इंग्रजीतून पुष्कळ वाचावे लागते आणि वाचलेल्याशी सहमत का आहोत किंवा का नाही, हे लिहून दाखवावे लागते. आमच्या मते मराठी किंवा गुजराती माध्यमातल्या मुलांची खरी अडचण बुद्धीची नसून या वाचनाच्या वेगाची असते. तो सरावाने नक्की वाढतो. मात्र सराव अकरावीपासूनच हवा.

उलट एक भांडवल आपल्या मुलांजवळ जन्मापासून असते. घरी मराठी, बाजारात गुजराती, प्रवासात हिंदी आणि वर्गात इंग्रजी. समोरचा माणूस बदलला की भाषाच काय, बोलण्याची रीतही बदलावी लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

एक मोठा गैरसमज

‘ही पदवी घेतली की परराष्ट्र सेवेत नोकरी’ असे अनेकांना वाटते. तसे नाही. भारतीय परराष्ट्र सेवेची वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते आणि त्या परीक्षेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. डॉक्टर, इंजिनीअर, भाषेचे पदवीधर सारेच तिथे बसतात. ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा त्या परीक्षेचा एक वैकल्पिक विषय आहे. त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. या पदवीचा तिथे उपयोग होतो, पण तो तयारीचा, हक्काचा नव्हे. इंग्रजीचा पात्रता पेपर सोडता मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतूनही लिहिता येतात, हेही आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट या गावातून निघून १९८३ साली परराष्ट्र सेवेत गेलेले ज्ञानेश्वर मुळे यांचे ‘माती, पंख आणि आकाश’ हे आत्मकथन मुलांनी अवश्य वाचावे. छोट्या गावातून तिथवर पोचणे शक्य आहे, आणि ते सोपे नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

मग या पदवीनंतर काय? एम.ए. आणि संशोधन, कायद्याचे शिक्षण, पत्रकारिता, अनुवाद, स्वयंसेवी संस्था, निर्यातदार कंपन्या असे मार्ग आहेत. वडोदऱ्याच्या आसपासचे कारखाने औषधे, रसायने, विजेची उपकरणे परदेशी पाठवतात. त्यांना परदेशातले नियम समजणारी माणसे लागतात. परंतु एवढी एकच पदवी हाती असलेल्याला थेट चांगली नोकरी मिळणे अवघड असते, हे स्पष्ट सांगितलेले बरे. म्हणून पदवीबरोबर एखादी परदेशी भाषा पक्की करावी आणि अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकावर आकडेवारी हाताळणे यांपैकी एक कौशल्य हाती असावे. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत. व्यापारासाठी जर्मन आणि जपानी यांनाही मागणी आहे.

प्रवेशापूर्वी हे पाहावे

१. पदवीचे नाव नीट वाचा. ‘इंटरनॅशनल बिझनेस’ म्हणजे व्यापार-व्यवस्थापन. तो वेगळा अभ्यासक्रम आहे.

२. संस्थेच्या नावातला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाहून भुलू नका. विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, पूर्णवेळ प्राध्यापक किती, ग्रंथालय कसे आहे आणि मागच्या तुकड्यांतली मुले आज काय करतात, हे विचारा. उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजा.

३. खाजगी विद्यापीठांत वर्षाला लाखांनी फी असते. कर्ज काढण्याआधी लक्षात घ्या, की सरकारी महाविद्यालयातून राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्राची पदवी घेऊन एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध घेता येतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाचा मुख्य भर आजही पदव्युत्तर शिक्षणावरच आहे. केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. ही सामाईक परीक्षा आहे.

४. परदेशी जायचे असेल तर घाई नको. ब्रिटनची चेव्हनिंग, आपल्या केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अशा मोठ्या शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी असतात. पहिली पदवी इथे आणि दुसरी तिथे, हा हिशेब मध्यमवर्गीय घराला अधिक परवडतो.

५. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्यांना महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. आपण मराठी आहोत एवढे तिथे पुरत नाही. गुजरातेत राहणाऱ्या कुटुंबांनी इथल्या शासनाच्या योजनांची चौकशी आधी करावी.

थोडे पालकांना, थोडे विश्वस्तांना

पालकांनी एक सोपी परीक्षा घ्यावी. मूल रोजच्या वर्तमानपत्रातले परदेशाचे पान आपण होऊन वाचते का? बातमीतला देश नकाशात शोधते का? तीन महिने हे न सांगता होत असेल, तर आवड खरी आहे असे समजून तिला पाठबळ द्यावे. केवळ परदेशप्रवासाचे किंवा झगमगत्या माहितीपत्रकाचे आकर्षण असेल, तर तेही एवढ्या काळात उघड होते. ‘लोक काय म्हणतील’ या एका कारणासाठी मात्र कोणाही मुलीला या वाटेवरून मागे ओढू नये.

विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. ग्रंथालयात एक चांगला नवा नकाशासंग्रह आणि एक इंग्रजी दैनिक अधिक घ्यावे. वर्षातून एकदा आठवी ते बारावीच्या मुलांची अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा भरवावी. प्रत्येकाने एकेका देशाची बाजू मांडायची. शक्यतो आपल्याला न पटणाऱ्या देशाची. दुसऱ्याची बाजू त्याच्या जागी उभे राहून मांडता येणे हा या विषयाचा पहिला धडा आहे, आणि पुढे जो इंजिनीअर किंवा दुकानदार होईल त्यालाही तो कामाचा आहे.

ज्यांना अधिक माहिती हवी असेल त्यांनी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जरूर यावे. अर्ज भरण्याची तारीख संपल्यावर नव्हे, आधी यावे, एवढीच विनंती.