एक आकडा आणि काळे पाणी

खाते लिहिणारा एक आणि ते ताडून पाहणारा दुसरा, या रीतीचे मोल लंडनच्या लिओपोल्ड रेडपाथची हकीकत वाचताना आम्हांस विशेष जाणवले. हा गृहस्थ ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीत भागांच्या नोंदवहीवर रजिस्ट्रार होता. पगार सालीना अडीचशे-तीनशे पौंड. राहणी मात्र सरदाराची. दानधर्मही सढळ, तोही परधनावर! युक्ती साधी होती. ५०० पौंडांच्या खऱ्या नोंदीआधी १ चा आकडा ओढावयाचा, की झाले १,५००. तो वाढावा बाजारात विकावयाचा. कोठे कल्पित नावांनीच भाग निर्माण केले. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ शेजारी शेजारी सांगितले आहेत. रेडपाथने दोन्ही एकाच लेखणीने साधले.

वाटला जाणारा लाभांश विकलेल्या भांडवलाशी जुळेना, तेव्हा १८५६ मध्ये बिंग फुटले. अपहार २ लाख पौंडांहून अधिक भरला. एकट्या त्यास दोष देऊन भागणार नाही, असे आम्हांस वाटते. त्याचा थाट सर्वांस दिसत होता, वही मात्र वेळीच कोणी उघडली नाही.

जानेवारी १८५७ मध्ये त्यास जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८५८ साली ‘एडविन फॉक्स’ जहाजातून सुमारे २८० कैद्यांसह तो पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरी उतरला. हे जहाज आपल्याच देशातले; १८५३ साली कलकत्त्याजवळ सलकिया येथे सागवानात बांधलेले. त्याचा सांगाडा न्यूझीलंडमध्ये पिक्टन येथे आजही जतन करून ठेवला आहे.