दूरचे, जवळचे आणि चाळिशी

याच शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकविले. त्या काळात एका विद्यार्थ्याचा एक प्रश्न मी टाळला होता. तो कदाचित आज या सभागृहात असेल, या आशेने ते ऋण फेडावे म्हणतो. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून मी सांगत होतो, की जवळचे पाहताना रोमक स्नायू आकुंचन पावतात आणि नेत्रभिंग फुगते. त्याने विचारले, "सर, स्नायू आवळला तर भिंग ताणले जाऊन चपटे व्हायला हवे. ते फुगते कसे?" 'पुस्तकात तसे दिले आहे, लिहून घे,' असे म्हणून मी त्याला खाली बसविले. खरे सांगायचे तर उत्तर मलाच ठाऊक नव्हते.

उत्तर स्नायूच्या रचनेत आहे. हा स्नायू भिंगाभोवती कड्यासारखा असतो आणि भिंग त्या कड्याच्या मध्यभागी सूक्ष्म तंतूंनी टांगलेले असते. स्नायू सैल असताना कडे मोठे राहते, तंतू ताणलेले असतात व भिंग चपटे होते. तेव्हा दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो. स्नायू आकुंचला की कडे लहान होते, तंतू ढिले पडतात आणि भिंग अंगच्या लवचीकपणाने गोलावते. म्हणजे जवळचे वाचताना श्रम स्नायूला पडतात, भिंगावरचा ताण मात्र उतरतो! पुष्कळ वेळ वाचल्यावर खिडकीबाहेर पाहिले की डोळ्यांना बरे वाटते, त्याचे एक कारण हेच.

प्रकाशकिरण वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम डोळ्याच्या दर्शनी भागातले पारपटल करते. मग अंतराप्रमाणे होणारा फेरफारही तेच करीत नसेल कशावरून? इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी ही शंका स्वतःच्या डोळ्यावर तपासली. डोळ्यापुढे पाणी ठेवून त्यांनी पारपटलाची शक्ती जवळजवळ नाहीशी केली. तरीही समायोजन होतच राहिले. हा निबंध १८०१ साली प्रसिद्ध झाला. तंतू ढिले पडण्याची उपपत्ती पुढे १८५५ मध्ये हेल्महोल्त्स यांनी मांडली.

भिंगात जन्मभर नवे तंतू वाढत राहतात आणि ते हळूहळू कठीण होते. दहा वर्षांचे मूल सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचू शकते. पंचेचाळिशीच्या सुमारास हेच अंतर पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ लागते आणि वर्तमानपत्र धरणारा हात लांब होतो. आपल्या भाषेने तर त्या चष्म्यालाच वयाचे नाव देऊन टाकले आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझे थोरले बंधू फार खिन्न झाले होते. रस्त्यावरच्या पाट्या दिसत, परंतु पोथी वाचता येईना. शस्त्रक्रिया बिघडली, असे त्यांनी धरून ठेवले आणि चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. वस्तुतः त्यांना बसविलेले कृत्रिम भिंग दूरच्या अंतरासाठी योजलेले होते, आणि ते फुगत नाही, हे त्यांना कोणी समजावूनच सांगितले नव्हते. वाचनाचा साधा चष्मा मिळाला, त्याच संध्याकाळी त्यांनी पोथी उघडली.