अठ्ठावन्न रात्री

माझी मावशी डोंबिवलीत राहते, माहेर कुडाळकडचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला जत्रेला जाता येत नाही. म्हणून रात्रीची भांडी आवरली की ती मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते आणि यूट्यूबवर दशावतार लावते. पाच-पाच तासांचे खेळ असतात, एकेक खेळ ती तीन रात्री पुरवून बघते. गेल्या दिवाळीत मी शेजारी बसले होते. तिने लावलेलं चित्र देखणं होतं. राजाच्या मुकुटातला मणी न् मणी चमकत होता, मागचं सगळं मऊ, धूसर. पाचच मिनिटांत मावशीने ते बंद केलं आणि दुसरं लावलं. त्यात रंग फिके होते, कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं येत होतं. "पहिलंच चांगलं होतं की गं," मी म्हटलं.

"त्याच्यात पदां ऐकाक येनत नाय गो. नुसता बघून काय करू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी कोल्हापूरची. आमच्याकडे कुस्तीची मैदानं, बैलगाडा शर्यती, लग्नं शूट करणारी ओळखीतली चार पोरं आहेत आणि गेली तीन-चार वर्षं चौघांचाही एकच ध्यास आहे, 'सिनेमा कॅमेरा घ्यायचा.' एकाने बायकोचे दागिने ठेवून घेतलाही. म्हणून ठरवलं, ते फिक्या रंगाचं शूटिंग ज्याने केलं त्याला गाठायचं. मार्गशीर्षात कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत तो भेटला.

पंचेचाळिशीचा माणूस. दिवसा पासपोर्ट फोटो काढतो, रात्री खेळ शूट करतो. जत्रेतली पोरं त्याला नावाने ओळखत नाहीत. "शूटिंगवालो इलो" म्हणत मागे धावतात. खांद्यावर घ्यायच्या पॅनासॉनिक एमडी १०००० पासून त्याने सुरुवात केली. तासाभराची मिनी डीव्ही कॅसेट संपली की अंधारात चाचपडत बदलायची. आज त्याच्याकडे एक इंची सेन्सरचा, दुसऱ्याच्या हातून घेतलेला कॅमकॉर्डर आहे, जवळच्या दृश्यांसाठी एक जुना मिररलेस, एक दणकट ट्रायपॉड. आणि एक छोटासा आवाजाचा रेकॉर्डर, जो तो कॅमेऱ्याआधी बाहेर काढतो.

सूर्य मावळताना आम्ही देवळात पोचलो. जागा धरणं, वायरी टाकणं, बॅटऱ्या मोजणं हे तासाभरात उरकलं. मग तो रंगपटात गेला आणि मीही मागे गेले. तो वास मला अजून आठवतो. खोबरेल तेलात कालवलेला सफेदा, पेटाऱ्यातून निघालेल्या भरजरी कपड्यांचा कोंदट वास, उदबत्ती, आणि कुणीतरी आणलेला गरम चहा. नट स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत होते. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरलेलं, बाकी संवाद रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी बोलायचे. आज जे बोललं जाईल ते उद्याच्या गावात तसंच बोललं जाणार नाही. त्यामुळे ह्या कामात 'पुन्हा एकदा घेऊ' नसतं.

शूटिंगवाला तिथे गेला होता एकाच कामासाठी, स्त्रीपार्टी नटाला विचारायला: "आज पद वरच्या पट्टीत की खालच्या?" उत्तर ऐकून त्याने माईक कुठे लावायचे ते ठरवलं. त्याचा रेकॉर्डर थर्टी-टू बिट फ्लोटवाला आहे, म्हणजे हळू संवादाच्या पाठोपाठ मृदंगाची जोरदार थाप आली तरी आवाज फाटत नाही. त्याची किंमत त्या स्वप्नातल्या कॅमेऱ्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. दोन माईक त्याने मृदंग आणि पायपेटीच्या मधोमध, हातभर उंचीवर लावले. मग तो गावकऱ्यांकडे गेला आणि जनरेटर देवळाच्या मागच्या बाजूला न्यायची विनंती केली. आधी कुणी ऐकलं नाही. वायर पुरत नाही म्हणाले. तो स्वतः पदरची वायर घेऊन आला होता.

अकरानंतर खेळ सुरू होणार होता. चहा घेताना मी सिनेमा कॅमेऱ्याचा विषय काढला. त्याने खिशातून मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला नाही, आकडा त्याच्या तोंडावरच होता.

"साडेतीन लाख, नुसती बॉडी. माका एका रात्रीचे सहा हजार भेटतत. म्हणजे अठ्ठावन्न रात्री. पेट्रोल, पोरग्याची मजुरी, काय्येक न धरता."

अठ्ठावन्न रात्री. त्याच्या हंगामात चांगल्या वर्षी पस्तीस-चाळीस ऑर्डरी होतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात आणि मे संपला की खेळ थांबतात. मग चार महिने कोकणातला पाऊस. "पावसात खेळ बंद, पण हप्तो बंद व्हता काय?" त्याने विचारलं. शिवाय ह्या हवेत लेन्सला बुरशी लागते. त्याने एक चांगली लेन्स अशीच गमावली आहे. आता सगळं सामान हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि दर आठवड्याला डबा उघडून पुड्या बदलतो. साडेतीन लाखांची वस्तू चार महिने डब्यात राहणार आणि तेवढ्यात कंपनीचं नवं मॉडेल येणार.

मग खेळ सुरू झाला आणि मला कळलं की हा माणूस शूटिंग करताना पडद्याकडे फारसा बघतच नाही. त्याचा हेडफोन एकाच कानावर असतो. दुसरा कान मृदंगाला मोकळा. राजा बाकड्यावर बसून शांतपणे बोलत होता, कॅमेरा त्याच्यावर. मृदंगाची लय किंचित बदलली. मला ती कळलीही नाही. ह्याने झूम मागे घेऊन पूर्ण रंगमंच चौकटीत आणला आणि दोन सेकंदांनी आतून राक्षस आरोळी ठोकत बाहेर आला. लढाईचा नाच सुरू झाला. रात्रभरात असं मी आठ-नऊ वेळा पाहिलं. एकदाही त्याचा कॅमेरा उशिरा पोचला नाही.

मला राहून राहून तो मोकळा कान आठवतो.

मावशीने बंद केलेल्या त्या देखण्या चित्रातल्या धूसरपणाचं कोडंही तिथेच उलगडलं. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे फोकसची पट्टी वीतभर. बाकड्यावरचा राजा स्पष्ट आणि दोन पावलं मागे उभा असलेला प्रधान धूसर. सिनेमात ते चालतं, कारण तिथे कोण कुठे उभं राहणार हे आखलेलं असतं आणि फोकस सांभाळायला वेगळा माणूस असतो. दशावतारात नट मनाला येईल तिकडे जातो. शूटिंगवाल्याच्या एक इंची सेन्सरवर राजा, प्रधान आणि बाजूला बसलेला मृदंगवाला तिघेही दिसतात. बघणाऱ्याला तिघेही हवे असतात.

अजून एक हिशोब मी घरी येऊन केला. सिनेमा कॅमेऱ्याच्या कौतुकात नेहमी येणाऱ्या प्रोरेस ४२२ एचक्यू ह्या प्रतीत ४के चित्रण केलं, तर तासाला सुमारे ३३२ जीबी जागा लागते. पाच तासांचा खेळ म्हणजे दीड टेराबाइटच्या वर. तो वापरतो त्या १०० एमबीपीएसच्या प्रतीत तासाला ४५ जीबी, पूर्ण खेळाला सव्वादोनशे. यूट्यूबवर चढवताना दोन्ही पुन्हा दाबून बारीक केली जाणारच, आणि पुढे ते डोंबिवलीत तांब्याला टेकवलेल्या सहा इंची पडद्यावर दिसणार.

तरीही एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. चाळीस वर्षं स्त्रीपार्ट केलेला एक कलावंत थांबणार होता. मंडळाने वर्गणी काढली होती, शेवटच्या खेळाचं चांगलं शूटिंग हवं होतं. "ह्या वेळेक तो कॅमेरो पाहिजे," तो म्हणाला. मी कोल्हापुरातून दिवसाला साडेतीन हजार भाड्याने तो घेतला आणि फोंडा घाटातून एसटीने, बॅग मांडीवर घेऊन कणकवलीला उतरले. त्या रात्री दोन्ही कॅमेरे लागले. स्वतःचा कॅमकॉर्डर पूर्ण रंगमंच धरून पाच तास न थांबता चालू, भाड्याचा हातात, फक्त चेहऱ्यांसाठी. आवाज नेहमीच्याच रेकॉर्डरवर.

मुख्य आख्यानाआधीचा आडदशावतार हल्ली पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतात. त्या रात्री पूर्ण झाला. काळ्या वेषातला संकासुर गडद पडद्यासमोर आला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही चित्रणं लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावली. कॅमकॉर्डरमध्ये संकासुर म्हणजे एक हलणारा काळा ठोकळा, त्यावर मुंग्यांसारखी वळवळणारी खर. भाड्याच्या कॅमेऱ्यात काळ्यात काळं वेगळं दिसत होतं. कापडाच्या चुण्या, शिवण, मनगटावरचा घाम. हा कॅमेरा आयएसओ १२,८०० वरही चालावा असा बनवलेला आहे, अंधार ही त्याची घरची जागा. मग त्या वृद्ध कलावंताचा शेवटचा प्रवेश लागला. सफेद्याखालच्या सुरकुत्या, पद संपल्यावर थरथरणारा ओठ. आम्ही दोघं काही बोललो नाही. हे कॅमकॉर्डरमध्ये उतरलं नव्हतं.

म्हणून महाग कॅमेरा म्हणजे निव्वळ मिरवणं, असं मी म्हणणार नाही. यंत्र खरंच मोठं आहे. प्रश्न ते विकत घ्यायचं का एवढाच आहे, आणि इथे माझं मत पक्कं आहे: ज्याचा धंदा छोट्या, ठरावीक प्रेक्षकावर चालतो त्याने घेऊ नये. एका रात्रीपुरतं भाड्याने आणावं. साडेतीन लाखांत अशी शंभर दिवसांची भाडी भागतात.

कोल्हापूरची पोरं मला 'द क्रिएटर' ह्या २०२३ च्या हॉलिवूडपटाचं उदाहरण देतात. तो सोनीच्या एफएक्स३ वर चित्रित झाला, तेव्हा चार हजार डॉलरच्या आत मिळणाऱ्या कॅमेऱ्यावर, हे खरं आहे. पण त्या चित्रपटाचा खर्च सुमारे आठ कोटी डॉलर होता. कॅमेऱ्याची बॉडी त्याच्या वीस हजाराव्या हिश्शाएवढी. बाकीचा पैसा माणसांवर, जागांवर, उजेडावर आणि नंतरच्या कामावर गेला. आमच्या पोरांच्या हिशोबात ते प्रमाण नेमकं उलटं होतं. सगळा पैसा बॉडीत जातो, आणि माईक म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर आलेलाच राहतो. मावशीने पाच मिनिटांत बंद केलेलं चित्र असंच तयार होतं.

आमच्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा म्हणून बाबुराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये स्वतःच कॅमेरा तयार केला आणि पुढे 'सैरंध्री' हा चित्रपट त्यावर घेतला. त्या रस्त्याने जाताना आता मला शूटिंगवाल्याची पदरची वायर आठवते. हातात काय आहे आणि काम काय आहे, ह्यांचा मेळ घालणारी ही माणसं.

त्या शेवटच्या खेळाचं चित्रण मी मावशीला दाखवलं. तिच्या मोबाइलवर कुठलं दृश्य कुठल्या कॅमेऱ्याचं हे मलाही ओळखू येईना. टीव्हीला जोडल्यावर फरक दिसला, मला आणि मावसभावाला. मावशी डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या पदाला तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "ह्येका मी लगीन व्हवच्या आधी आयकलंय. आवाज तोच हा."

शूटिंगवाल्याला मी हे फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मागे जनरेटरची घरघर येता काय?"

थोडी येते. तिसऱ्या तासाला डिझेल भरल्यावर कुणीतरी मागे नेलेला जनरेटर पुन्हा पुढे आणून ठेवला होता, आणि पुढचे दोन तास प्रत्येक पदाखाली ती घरघर आहे. ती आता कुठल्याही कॅमेऱ्याने जाणार नाही. तुमच्या गावच्या जत्रेत शूटिंगवाला आला, तर त्याच्या कॅमेऱ्याची किंमत विचारू नका. जनरेटर देवळाच्या मागे न्या आणि सकाळपर्यंत तिथेच राहू द्या.