पंधरा हजार मतांचा पक्ष

१८४३ साली वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या मेजावर एक भलंमोठं रीळ होतं. कागदाला कागद चिकटवून केलेला अर्ज त्याच्यावर गुंडाळलेला, आणि अर्जावर मॅसॅच्युसेट्समधल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या सह्या. पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या पापात आमच्या राज्याला ओढू नका, एवढंच त्यांचं मागणं. बॉस्टनमध्ये जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या गुलामाला अटक झाली, त्यातून हा अर्ज उभा राहिला. ॲडम्स माजी राष्ट्राध्यक्ष, पण सभागृहाने त्यांचंही ऐकलं नाही. गुलामगिरीविषयीच्या अर्जांचं तोंड १८३६ पासूनच नियम करून बंद केलेलं होतं.

त्यामागचं गणित सरळ होतं. डेमोक्रॅट आणि व्हिग या दोन्ही मोठ्या पक्षांचे मतदार उत्तरेतही होते, दक्षिणेतही. गुलामगिरीचा विषय निघाला की पक्ष मधोमध चिरणार, म्हणून तो निघूच द्यायचा नाही. अर्जांसाठी दारोदार फिरून सह्या गोळा करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. मताचा अधिकार नसलेल्यांच्या हाती अर्ज हेच एक हत्यार होतं.

पुढे काय करायचं, यावरून १८४० सालीच गुलामगिरीविरोधी चळवळ फुटली होती. ‘लिबरेटर’चे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांना राजकारणाचा विटाळ वाटे, ज्या राज्यघटनेने गुलामगिरीला थारा दिला, तिच्या चौकटीत मत मागणं त्यांना मान्य नव्हतं. गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कामकाज समितीवर ॲबी केली या बाईंची नेमणूक झाली, हेही काही मंडळींना खपलं नाही. बाहेर पडलेल्या अनेकांचा ओढा निवडणूक लढवणाऱ्या गुलामगिरीविरोधी लिबर्टी पार्टीकडे गेला. तिचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स बर्नी स्वतः एकेकाळचे गुलामांचे मालक, आपले गुलाम मुक्त केलेले. पहिल्या निवडणुकीत त्यांना देशभरात जेमतेम सात हजार मतं पडली.

१८४४ मध्ये मात्र एकट्या न्यूयॉर्क राज्यात बर्नींना १५,८१२ मतं मिळाली. तिथे व्हिग पक्षाचे हेन्री क्ले ५,१०६ मतांनी हरले, आणि न्यूयॉर्कबरोबर राष्ट्राध्यक्षपदही गेलं. जिंकले डेमोक्रॅट पक्षाचे पोल्क: गुलामांचे मालक, टेक्सास देशात सामील करून घ्यायला उतावीळ. तुम्हीच शत्रूला निवडून आणलंत, असा ठपका लिबर्टीवाल्यांवर आला. मला तो अन्यायाचा वाटतो. क्लेसुद्धा गुलामांचे मालकच होते, आणि ज्यांना दोन्हींकडे गुलामगिरीच दिसत होती त्यांनी मत कुणाला द्यायचं?

पोल्क यांनी मेक्सिकोशी युद्ध केलं. जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी येऊ द्यायची नाही, असा प्रस्ताव १८४६ मध्ये डेव्हिड विल्मट या त्यांच्याच पक्षाच्या सदस्याने मांडला. मतदान झालं ते पक्षांनुसार नव्हे, उत्तर विरुद्ध दक्षिण असं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली भेग उघडी पडली. १८४८ मध्ये गुलामगिरीचा विस्तार रोखू पाहणाऱ्या फ्री सॉइल पक्षाने दहा टक्के मतं घेतली. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानंतर व्हिग पक्ष संपला आणि रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्यात स्थलांतरितांचा द्वेष करणारे लोकही पुढे सामील झाले, हे विसरून चालणार नाही.

त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून मतदारांच्या हाती देत. १८६० साली दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत रिपब्लिकन उमेदवार लिंकनच्या नावाची चिठ्ठी वाटायला कुणी पुढे आलंच नाही. तरी चाळीस टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर ते निवडून आले.

त्यानंतर पेटलेलं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली, तेव्हा गॅरिसन म्हणाले, काम झालं, गुलामगिरीविरोधी संस्था बंद करू. चळवळीतल्याच फ्रेडरिक डग्लस आणि वेंडेल फिलिप्स यांनी नकार दिला: काळ्या माणसाला मत मिळेपर्यंत काम संपलेलं नाही. डग्लस यांचंच बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे. काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये लागू झाली, तेव्हाच संस्था विसर्जित झाली. तीन वर्षांनी जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांत सह्या गोळा करणाऱ्या त्या बायकाही येतात. पंधराव्या दुरुस्तीने त्यांना मात्र मत दिलं नाही. देशाच्या घटनेत बायकांचा मताधिकार यायला १९२० साल उजाडलं, आणि दक्षिणेतल्या काळ्या बायकांना तर त्यानंतरही १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत मतदानकेंद्रावरून परत पाठवलं जात होतं.